पोटातल्या की अंगावरच्या?

"पित्ताची गोळी द्या हो," म्हणून कोणी काउंटरवर नोट ठेवली की आमच्या नाक्यावरचा केमिस्ट मान वर न करता विचारतो, "पोटातल्या की अंगावरच्या?" पोटातल्या म्हटलं की त्याचा हात एका खणात जातो, अंगावरच्या म्हटलं की दुसऱ्या. विचारणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, सांगणाऱ्यालाही नाही. लग्नात श्रीखंड-पुरी अंमळ जास्त झाली आणि रात्रभर छातीत जळजळलं, ते पित्त. मामाकडे कोळंबीचं कालवण खाल्लं आणि हात धुऊन होतात न होतात तोच अंगभर गांधी उठल्या, तेही पित्तच. हिंदीत निदान ‘पित्ती उछलती है’ म्हणून थोडा फरक तरी करतात. आपण तेवढीही तसदी घेतलेली नाही.

गांध जवळून पाहिली आहे का कधी? आधी नुसती खाज येते, बहुतेक वेळा कानामागे, काखेत नाहीतर कमरेला जिथे नाडी काचते तिथे. खाजवलं की तिथली कातडी फुगून वर येते. मधे फिकट, कडेला लाल, कड अशी स्पष्ट की पेनाने गिरवून घ्यावी. पाच-दहा मिनिटांत शेजारच्या दोन गांधी एकमेकींत मिसळतात आणि मांडीवर एखाद्या जिल्ह्याचा नकाशा उमटावा तसं होतं. आणि मग चार-सहा तासांत, फार तर एका दिवसात, तो नकाशा मागे डागही न ठेवता पुसला जातो. तोवर पाठीवर दुसरा जिल्हा उमटलेला असतो. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत दाखवायला अंगावर काहीच उरत नाही, ही या दुखण्याची जुनी खोड.

आमच्याकडे यावर उपाय ठरलेला होता. आजी वाटीत सात-आठ आमसुलं कोमट पाण्यात भिजत टाकायची, ती मऊ पडली की बोटांनी कुस्करायची, आणि ते लालसर काळं पाणी आमच्या उघड्या अंगावर चोपडायची. बनियनवर त्याचे डाग पडत, ते आठवडाभर जात नसत. मग गेरू. मग घोंगडी. घोंगडीत गुरफटून गप्प पडायचं, वाऱ्याला जायचं नाही. ती घोंगडी आधीच खाजणाऱ्या अंगाला अशी टोचायची की पित्तापेक्षा उपाय भारी वाटे. संध्याकाळपर्यंत गांधी गेलेल्या असत आणि आजी आमसुलांची बरणी पुन्हा फडताळात वर ठेवून देई, जिंकलेल्या पैलवानाने लंगोट घडी करून ठेवावा तशी.

आमसुलाचं पाणी अंगावर वाळताना गारवा देतं आणि गारव्याने खाज दबते, एवढं खरं. पण गांधी काही तासांत आपणहून जाणारच असतात. ज्या रोगाला स्वतःच निघून जायची घाई असते, त्यावर कुठलाही उपाय लागू पडतो. घोंगडीचं प्रकरण मात्र जास्त गमतीचं आहे. ती कुठून आली हे पाहायला बाराशे-तेराशे वर्षं मागे जावं लागतं.

माधवकराने सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास ‘रोगविनिश्चय’ लिहिला. वैद्यमंडळी त्याला ‘माधवनिदान’ म्हणून ओळखतात. उपचारांत न शिरता फक्त रोग ओळखायला शिकवणारा हा ग्रंथ. त्यात शीतपित्त, उदर्द आणि कोठ असे तीन विकार एकाच प्रकरणात मांडलेले आहेत. गार वारा अंगाला लागतो, त्याने कफ आणि वात बिघडतात, ते पित्ताला जाऊन मिळतात आणि तिघं मिळून आत-बाहेर पसरतात, अशी त्याची उपपत्ती. नावात ‘शीत’ आहे ते या वाऱ्यापायी, आणि घोंगडीचा उगमही हाच. गार वाऱ्याने वा पाण्याने गांधी उठणारी माणसं खरोखर असतात, त्यांना ऊब हवीच. पण कोळंबीने उठलेल्या गांधींना ऊब दिली की त्या आणखी फुलतात, आणि वर खरबरीत लोकर घासली तर विचारूच नका.

पुढे माधवकर सांगतो की शीतपित्तात जोर वाताचा असतो आणि उदर्दात कफाचा. म्हणजे ज्या विकाराला आपण पिढ्यान्‌पिढ्या नुसतं ‘पित्त’ म्हणत आलो, त्यात मूळ ग्रंथाच्या हिशेबाने पित्त हा मुख्य आरोपीही नाही. तिघांच्या टोळीतल्या एकाचं नाव तेवढं बोलीभाषेने उचललं. कोठाच्या वर्णनात मात्र अन्नाचा धागा आहे: ओकारीचं औषध घेऊनही नीट वांती झाली नाही, वर आलेलं अन्न आतच कोंडलं, तर अंगावर लाल, खाजरी मंडलं उठतात. पोट आणि कातडी यांची गाठ इथे पडलेली दिसते. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असं बजावलेलं आहे, त्याचीही आठवण यावी. घराघरात त्या नियमाचं ‘मासे खाऊन दूध प्यायलास तर कोड फुटेल’ असं झालं. कोडाचा माशांशी काही संबंध नाही. पण एखाद्याला माशाने, एखाद्याला दुधाने गांधी उठताना कोणीतरी पाहिल्या असणारच.

मला माधवकराचं कौतुक वाटतं ते एका वेगळ्याच जागी. सूज कशी दिसते हे सांगताना तो वरटीची उपमा देतो. वरटी म्हणजे गांधीलमाशी. ती चावल्यावर जशी सूज येते तशी ही सूज, खाज आणि टोचणी घेऊन येणारी. मराठीत तर उपमेची गरजच उरली नाही. गांधील चावून उठते ती गांध, आणि कोळंबीने उठते तीही गांधच.

तिकडे युरोपातही लोकांनी हेच केलं, फक्त माशीऐवजी झुडूप पकडलं. लॅटिनमध्ये ‘अर्टिका’ म्हणजे अंगाला लागताच आग लावणारी एक वनस्पती. हिमालयात फिरलेल्यांनी तिची बहीण बिच्छू बूटी पाहिली असेल. एडिंबराचा वैद्य विल्यम कलन याने १७६९ मध्ये रोगांची वर्गवारी करताना या विकाराला ‘अर्टिकेरिया’ म्हटलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही तोच शब्द असतो. दोन टोकांची दोन माणसं, एकाला गांधीलमाशी आठवली, एकाला खाजरं झुडूप. दोघांनीही नुसतं डोळ्यांनी पाहून नाव ठेवलं होतं. त्या नावांची परीक्षा लागायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्या परीक्षेची सुरुवात पुन्हा एका दंशानेच झाली. मोनॅकोचा राजा पहिला अल्बेर याला समुद्रजीवांचा नाद होता. १९०१ च्या उन्हाळ्यात त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिजेलिया नावाच्या जेलीफिशसारख्या प्राण्याचं विष अभ्यासत होते. हाच तो निळा फुगा, जो पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावर वाहून येतो आणि ‘पाण्यात जाऊ नका’ अशा पाट्या लागतात. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफूल या तशाच दंश करणाऱ्या प्राण्याचं विष कुत्र्यांना टोचलं. हेतू असा की थोडं थोडं टोचून कुत्रा सरावेल, जसं देवीच्या लशीने शरीर सरावतं. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या मात्रेने काही झालं नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेवढीच मात्रा दिली, तर तो धापा टाकत, ओकत मेला. शरीर संरक्षण शिकण्याऐवजी नेमकं उलटं शिकलं होतं. त्या उलट्या शिकवणीला १९०२ मध्ये त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. आता तो इतका रुळला आहे की लोकांना सासुरवाडीचीही ॲलर्जी असते.

पण अन्न आणि कातडी यांचं नातं समोर मांडून दाखवलं ते १९२१ मध्ये, ब्रेस्लाउ शहरात. हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. खाल्ला की खाज, गांधी, शिंका, खोकला, ओकारी. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याला मासे बिनधास्त पचत. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ठसठशीत गांध उठली, आणि तीही फक्त तेवढ्याच जागी. मित्राचं वैर त्याने आपल्या कातडीवर उसनं आणलं होतं. मासा वाईट नव्हता, पोट बिघडलेलं नव्हतं. क्युस्टनरच्या रक्तातच माशाला ओळखणारं काहीतरी फिरत होतं. ते ‘काहीतरी’ हाती लागायला पंचेचाळीस वर्षं गेली: १९६६ मध्ये डेन्व्हरला इशिझाका पती-पत्नी, १९६७ मध्ये उप्सालाचे योहान्सन आणि बेनिच, आणि पुढच्या वर्षी त्याचं आयजीई असं बारसं. आज रक्ताच्या रिपोर्टवर तो आकडा पाहून लोक घाबरून जातात. नुसता आकडा वाढलेला असला म्हणून अन्न सोडायचं नसतं, खाल्ल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

मधल्या काळात दुसरीकडे वेगळीच गोष्ट चालू होती, आणि ती धान्यावरच्या बुरशीतून निघाली. बाजरीवर अरगट पडतो हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. युरोपात तो राय या धान्यावर पडतो. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल अरगटाचे घटक सुटे करत होता. १९१० मध्ये त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्यात हिस्टामिन सापडलं. ते जनावरांना टोचलं की रक्तदाब कोसळे, श्वासनळ्या आवळत. रिशेच्या कुत्र्यासारखंच. मग टॉमस लुइसने १९२० च्या दशकात माणसाच्या कातडीवर रेघा ओढून पाहिल्या. बोथट टोकाने जोरात रेघ ओढली की आधी ती लाल होते, मग भोवती लाली पसरते, मग रेघ फुगून वर येते. हुबेहूब गांध, आणि हिस्टामिन टोचल्यावरही अगदी तसंच. सावध माणूस होता. कातडीतून सुटणाऱ्या द्रव्याला त्याने हिस्टामिन न म्हणता नुसतं ‘एच-द्रव्य’ म्हटलं. ते कातडीत साठलेलं कुठे असतं, हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं: मास्ट पेशींत. पॉल एर्लिखने त्या पेशी विद्यार्थी असतानाच, १८७८ मध्ये, रंगवून पाहिल्या होत्या आणि आतले ठासून भरलेले दाणे बघून त्यांना ‘खाऊन माजलेल्या’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. आयजीई या पेशींच्या अंगावर चिकटून बसतं, कोळंबीचं प्रथिन येऊन त्याला भिडलं की दाणे फुटतात, हिस्टामिन सांडतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि गांध वर येते.

आता माधवकर आणि कलन यांच्या परीक्षेचा निकाल. गांधीलमाशीच्या विषात हिस्टामिन असतं. आणि १९४७ मध्ये एमेलिन आणि फेल्डबर्ग यांनी अर्टिकाच्या काटेरी केसांतला रस तपासला, त्यातही हिस्टामिन निघालं. दोघांनी नुसत्या दिसण्यावरून जोडलेलं नातं रक्ताचं निघालं. पूर्वजांना रसायनशास्त्र येत होतं असं मला म्हणायचं नाही. ते म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना नीट पाहता येत होतं, एवढंच. आणि उपमा घेताना फसायलाही जागा होती. माधवकराने गांधिलीऐवजी खाजकुयलीची उपमा घेतली असती, तर नापास झाला असता, कारण खाजकुयलीची खाज हिस्टामिनची नव्हेच. म्हणून तर तिच्यावर पित्ताची गोळी चालत नाही.

इथे बांगड्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय कोकणातल्या माणसाला पुढे जाता येणार नाही. माझ्या एका आतेभावाने बावीस-तेवीसाव्या वर्षी बांगडा सोडला. खानावळीत जेवला, तोंडाला जरा मिरमिरलं, आणि ताटावरून उठतो तोच चेहरा टोमॅटोसारखा, अंगभर गांधी, डोकं ठणकायला लागलं. ‘मला बांगड्याची ॲलर्जी आहे’ हे तो पुढे तीस वर्षं सांगत राहिला. मग एकदा त्याच्या तोंडून सहज निघालं की त्या दिवशी टेबलावरच्या चौघांनाही तसंच झालं होतं. चौघांना एकाच वेळी ॲलर्जी होत नसते. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात पडला की त्यावरचे जंतू त्याचं हिस्टामिन करून ठेवतात, आणि एकदा झालेलं हिस्टामिन ना तळून जातं, ना कालवणात उकळून, ना नंतर फ्रीजमध्ये टाकून. म्हणजे इथे आयजीई नाही, मास्ट पेशी नाहीत. हिस्टामिन आयतंच ताटात आलं. दोष बांगड्याचा नाही, बर्फाचा. आतेभावाने आता, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, एका डॉक्टरांच्या देखरेखीत तपासण्या करून पुन्हा ताजा बांगडा खायला सुरुवात केली आहे. तीस वर्षांचा हिशेब तो कोणाकडे मागणार आहे, ते विचारायची माझी छाती नाही.

ॲलर्जीची गांध असो की खराब बांगड्याची, चालते ती गोळी मात्र एकच. पॅरिसच्या पास्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये हिस्टामिनला अडवणारं पहिलं द्रव्य शोधलं. ते माणसाला देण्याइतकं निर्धोक नव्हतं, पण वाट सापडली. १९४२ मध्ये माणसांना देता येईल असं औषध आलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत गोळ्यांची रीघच लागली. बोव्हेला १९५७ चं नोबेल मिळालं. या पहिल्या पिढीतल्या गोळ्यांचा एक गुण सगळ्या घरांना माहीत आहे: झोप. मेंदूत हिस्टामिन माणसाला जागं ठेवण्याचं काम करतं आणि ही गोळी तिथेही जाऊन पोचते. ‘गोळी घे आणि पड जरा’ म्हणायचे, मुलगा दुपारभर घोरायचा आणि उठेपर्यंत गांधी गेलेल्या असायच्या. त्यात गोळीचं श्रेय किती आणि घड्याळाचं किती, हा आमसुलाचाच प्रश्न पुन्हा. मेंदूत फारशी न शिरणारी सेट्रिझिनसारखी गोळी १९८० च्या दशकात आली. तीही काहींना पेंग आणतेच, म्हणून घेतल्यावर स्कूटर काढू नये.

या गोळ्यांना एक गोष्ट जमत नव्हती. हिस्टामिनने जठरात आम्ल पाझरतं, हे आजच्या लविव शहरातल्या पोपिएल्स्कीने कुत्र्यांवर दाखवून १९२० मध्येच छापलं होतं. पण बोव्हेच्या वंशातली कुठलीही गोळी ते आम्ल थांबवेना. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ताडलं की हिस्टामिनची कुलपं दोन जातीची असली पाहिजेत: कातडीत एक, जठरात दुसरं. १९७२ मध्ये त्याने दुसरं कुलूप सिद्ध केलं आणि १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आलं. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन ही पुढची भावंडं. छातीतल्या जळजळीवर जग वर्षानुवर्षं याच गोळ्या घेत आलं. म्हणजे केमिस्टच्या त्या दोन खणांतल्या या दोन्ही जातींच्या गोळ्या एकाच रेणूविरुद्ध उभ्या असतात. पोटातलं पित्त आणि अंगावरचं पित्त यांना मराठीने एकच नाव ठेवलं, त्यात शहाणपण किती आणि आळस किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा आळसच. पण आळसाचाही कधी नेम लागतो.

या शब्दाने माणसं फसतात ती मात्र एका जागी, आणि तिथे फसणं महागात पडतं. ‘पित्तच आहे, गोळी घेतलीये’ म्हणून घरचे निश्चिंत बसतात आणि इकडे ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वासात शीळ वाजते, ओकारी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे रिशेच्या कुत्र्याचं दुखणं. त्यावर गोळी पुरी पडत नाही, आमसूल तर नाहीच. त्याला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि तेही लगेच. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने न्यूयॉर्कमध्ये मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून काढलेले त्याचे स्फटिक १९०१ मध्ये जगापुढे ठेवले. एवढं जुनं आणि एवढं स्वस्त औषध, काचेच्या एका बारक्या कुपीत मावणारं. ज्याला शेंगदाणा वा कोळंबीने एकदा असं झालं आहे, त्याच्या घरच्यांना जवळच्या कुठल्या दवाखान्यात ती कुपी रात्रीही मिळते हे शेजाऱ्याच्या फोन नंबरासारखं पाठ हवं.

आणि ज्यांच्या गांधी सहा-सहा आठवडे रोज उठत राहतात, त्यांनी वांगं सोडलं, अंडं सोडलं, दूध सोडलं, तरी बहुतेकांचं काही थांबत नाही, कारण एवढ्या चिवट गांधींमागे क्वचितच अन्न असतं. अन्नाची गांध बहुधा जेवणानंतर मिनिटांत, फार तर दोन तासांत उठते आणि दर वेळी त्याच पदार्थाने उठते. डॉक्टर आधी हेच विचारतात: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने. वहीत लिहून नेलेलं असेल तर अर्धं काम तिथेच होतं. फोटोही काढून ठेवावा, कारण दाखवायला जाईपर्यंत नकाशा पुसलेला असतो.

परवा केमिस्टकडे उभा होतो. एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले, मनगटावर खाजवल्याच्या ताज्या रेघा. केमिस्टने चिठ्ठी वाचली आणि दोन्ही खण उघडले. अंगावरच्या गांधींना नुसती पहिली गोळी आटोपेनाशी झाली की काही डॉक्टर जोडीला पोटातली देतात. कातडीच्या रक्तवाहिन्यांवर दुसऱ्या जातीची कुलपंही थोडी असतात. पुरावा फार भक्कम नाही, पण देतात. केमिस्टने दोन पट्ट्या समोर ठेवल्या आणि म्हणाला, "ही अंगावरच्या पित्ताची, ही पोटातल्या."

"पोटात मला काही नाही," आजोबा म्हणाले.

"असू दे. डॉक्टरांनी लिहिलंय."

आजोबांनी दोन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या, पिशवीत टाकल्या आणि विचारलं, "आमसुलं लावली तर चालतील ना वरून?"